शिडीचा आहेर

आमच्या घरभरणीला शाळेतले सर तिरडी घेऊन आले होते, असं गावात आजही सांगतात. ती तिरडी नव्हती, शिडी होती. पण त्या दिवशी दारात उभं राहून मी पाहिलं तेव्हा मलाही तिरडीच दिसली होती. दोन लांब हिरवे बांबू, त्यांना आडवे बांधलेले तुकडे, सुंभाच्या गाठी आणि मधोमध झेंडूचा हार. हार कशाला, तर आहेर आहे म्हणून. आहेर उघडाबोडका देऊ नये एवढं व्यवहारज्ञान सरांना होतं. बाकीचं नव्हतं.

मांडवात पंगत बसली होती. आत्याच्या हातातून वरणाचं भांडं सुटलं आणि सगळं वरण भटजींच्या पुढ्यात सांडलं.

"अगा माय वं! हे काय घेऊन आला हा मानूस!"

"शिडी," सर म्हणाले. "आहेर हाये."

बाबा पुढे झाले. बाबांनी जन्मभर राइस मिलमध्ये पोती वाहिली होती आणि जन्मभर दुसऱ्याच्या खोलीत भाड्यानं दिवस काढले होते. ते घर म्हणजे आमच्या सगळ्या पिढ्यांतलं पहिलं स्वतःचं घर. सकाळी कलश आत नेताना ते रडले होते. सरांपुढे आवाज चढवायची त्यांची हिंमत नव्हती.

"गुरुजी, आज माह्या घरी शुभकार्य हाये. हे काहून आनलं तुमी?"

"जिना कुठी हाये तुह्या घराले?"

"जिना मागून बांधू."

"मंग पुरालेही सांगून ठेव. मागून ये म्हना."

पंगतीत कुणीतरी हसलं. सरांनी शिडी भिंतीला टेकवली, खालच्या पायरीवर पाय दाबून पाहिला आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत स्लॅबवर चढून गेले. वर उभं राहून नदीच्या दिशेला बराच वेळ पाहिलं. मग खाली उतरले, माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता तू पह्यल्या बेंचवर," आणि हात धुऊन पंगतीत बसले. भात मागून मागून जेवले.

पहिल्या बेंचचा अर्थ त्या मांडवात फक्त आम्हा त्यांच्या विद्यार्थ्यांना कळला. मला तो ऐकून जेवण गेलं नाही.

आमचं गाव कन्हान नदीच्या काठाला आहे. धड खेडं नाही, धड शहर नाही. सर तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शाळा सुरू झाली की पहिल्या दिवशी ते हजेरी न घेता प्रत्येकाला एकच विचारायचे, "घर कुठी हाये तुहं?" पोरगं पत्ता सांगायचं आणि सर स्वतःच्या अंगावर हात लावून दाखवायचे. कुणाला घोटा, कुणाला गुडघा, कुणाला कंबर, कुणाला छाती. मोठा पूर आला तर ज्याच्या घरात जेवढं पाणी चढेल, तेवढा तो. वर्गातल्या जागा त्याप्रमाणे ठरायच्या. घोट्याचे मागे, छातीचे पुढे आणि अगदी पहिल्या बेंचवर डोक्यावरचे. "यायच्या घरी निरोप पह्यले धाडा लागते," हे त्यामागचं कारण. आम्ही तेव्हा बाजाराच्या गल्लीत भाड्यानं राहत होतो, म्हणून मी घोट्याची, शेवटच्या बाकावर. बुटकी होते, फळा दिसायचा नाही. सर म्हणायचे, "फळा नाई दिसला तं चालते. जीव उरते."

एकदा शाळा तपासणीला साहेब आले. पहिल्या बाकावर आडदांड पोरं आणि मागं बारकी पोरं पाहून त्यांनी विचारलं, "हे मोठे मुलं पुढे का बसवले?"

"साहेब, हे बुडनारे पोट्टे हायेत."

"विज्ञानात का?"

"नाई जी. नदीत."

साहेब दचकले. आम्ही दचकलो नाही, आम्हाला सवय होती. आता त्या गोष्टीचं नवल वाटतं. आठवीतल्या पोरांना त्यांच्या घरात किती पाणी चढेल हे रोज बसायच्या जागेवरून सांगितलं जायचं, आणि आम्ही त्यावरून एकमेकांना चिडवायचो. "ए छाती, सरक तिकडे."

गावात त्यांना खिळेमास्तर म्हणत. त्याला कारण चिंचेचं झाड.

घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर ती चिंच आहे. चार माणसांच्या कवेत मावणार नाही अशी. तिच्या बुंध्यात खूप वर एक लोखंडी खिळा आहे. एकेकाळी हातभर लांब असेल, आता बोटाएवढा बाहेर दिसतो. कोणे एके काळी, आजच्या कुणीच न पाहिलेला, एक पूर आला आणि पाणी जिथवर चढलं तिथं कुणीतरी तो ठोकला, एवढं गावात सगळ्यांना माहीत आहे. त्या खिळ्याला खिळामाय म्हणतात. आषाढात आखाडीच्या सणाला बाया बुंध्याला हात पुरेल तिथवर हळदीकुंकू लावतात आणि उरलेलं मुठीनं वर फेकतात. ते खिळ्यापर्यंत कधीच पोचत नाही, परत त्यांच्याच अंगावर पडतं. तो प्रसाद.

एवढ्या वर खिळा ठोकला कुणी? यावर गावाचं उत्तर सरळ होतं. खिळा ठोकणाऱ्यानं हात पुरेल तिथं ठोकला, मग झाड वाढलं आणि वाढता वाढता खिळ्यालाही वर घेऊन गेलं. माय दरवर्षी थोडी वर जाते, आणि ती जेवढी वर जाते तेवढं पाणी गावापासून लांब राहतं. हयात असलेल्या कुणी मोठा पूर पाहिलेला नव्हता, त्यामुळे हे खरं ठरल्यासारखंच होतं. याच भरवशावर चिंचेच्या पलीकडच्या खोलगट शेतांत लेआउट पडला. त्याचं नावही खिळामाय नगर. बाबांनी प्लॉट तिथंच घेतला.

सर एकटेच वेगळं सांगायचे. "झाड खिळा गिळते, उचलत नाई."

"मंग सर, एवढ्या वर ठोकला कोनं? भुतानं?" वर्गातलं कुणीतरी विचारायचंच.

"अबे, डोंग्यातून ठोकला! पानी तथी होतं, तं डोंगाही तथीच होता!"

यावर वर्ग पोट धरून हसायचा. चिंचेच्या शेंड्याशी होडी, त्यात हातोडा घेतलेला माणूस! मीही हसायचे. आज ते वाक्य आठवलं की हातावर काटा येतो.

शाळेच्या आवारात एक कोवळा कडूनिंब होता. पाचवीत आलेल्या प्रत्येक पोराला सर त्या झाडाला पाठ लावून उभं करायचे आणि डोक्याच्या टोकाशी एक बारीक खिळा ठोकायचे. दहावीचा निकाल लागला की पुन्हा त्याच जागी उभं राहायचं. माझा खिळा माझ्या हनुवटीशी आला होता.

"कोन वाढलं वं?" सरांनी विचारलं.

"मी सर."

"झाड?"

"झाडही वाढलं सर." वाढलंच होतं, शेंडा पाहायला मान वर करावी लागत होती.

"अन् खिळा?"

"खिळा तिथंच आहे सर."

"जाय आता."

त्याच संध्याकाळी मी पेढे घेऊन चिंचेपाशी गेले आणि वर गेलेल्या खिळामायला हात जोडले. माझ्यासोबत पास झालेल्या सगळ्या मैत्रिणी होत्या. कुणाच्याही मनात काही आलं नाही. आम्ही मूर्ख नव्हतो. एक गोष्ट शाळेच्या झाडाची होती आणि दुसरी देवाच्या झाडाची, एवढंच. आज मी नागपुरात एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. झाडाची उंची फक्त शेंड्याकडून वाढते, बुंधा नुसता जाड होतो, हे शिकवताना दरवर्षी खिळ्याचं उदाहरण देते. मुलं लिहून घेतात. त्यातली किती जण घरी जाऊन कुठल्या झाडाला हात जोडत असतील, हे मला विचारावंसं वाटतं, पण विचारत नाही.

मी शिकवते याला सर कारण आहेत. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. दहावीनंतर बाबा म्हणाले, "आता बस झालं, पोरगी हाये." सर आमच्या दारात येऊन बसले. चहा घेतला नाही, पाणी घेतलं नाही. बाबा कामावर गेले, परत आले, सर तिथंच. शेवटी बाबा म्हणाले, "न्या गुरुजी, शिकवा, पन आता घरी जा." नागपूरला माझ्या होस्टेलात मला सोडायला बाबांबरोबर सरही आले. माझी पेटी त्यांनीच धरली होती. होस्टेलच्या मॅडमनी खालची खोली दिली तर सर अडून बसले.

"म्याडम, कोन्त्या माळ्यावर हाये खोली? वरच्या माळ्यावर द्या."

"अहो, खालची सोयीची असते. इथे काय अडचण आहे?"

"नदी हाये ना इथं."

"कुठली नदी? नाग नदी? ती नाली आहे हो आता."

"आपन तिले नाली म्हनतो, हे तिले मालूम हाये का?"

बाबा माझ्याकडे पाहून लाजेनं अर्धे झाले. मला वरच्या मजल्यावर खोली मिळाली, आणि रोज जिने चढताना मी सरांच्या नावानं बोटं मोडायचे. पुढे मी होस्टेल सोडल्यावर एका पावसाळ्यात त्या वस्तीत पाणी शिरलं आणि खालच्या खोल्यांतल्या मुलींच्या गाद्या-पुस्तकांचा चिखल झाला. मैत्रिणीनं फोटो पाठवले. मी फोन उलटा करून ठेवला.

सरांचं दुसरं वेड म्हणजे नळी. गवंडी दोन ठिकाणची उंची सारखी आहे का ते पाहायला पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी वापरतात. तिची दोन्ही टोकं कुठेही धरा, पाणी दोन्हीकडे एकाच उंचीवर येऊन थांबतं. सर सुटीच्या दिवशी पोरं घेऊन निघायचे. एक पोरगा चिंचेवर चढून खिळ्याशी टोक धरायचा, दुसरं टोक जवळच्या घराला. तिथं पाणी थांबलं की गेरूची रेघ. मग त्या रेघेवरून पुढचं घर, त्यावरून त्याच्या पुढचं. असं करत खिळ्याची उंची त्यांनी सगळ्या गावात फिरवली होती. लोक सणासुदीला भिंत रंगवून रेघ मिटवायचे, सर पुन्हा नळी घेऊन हजर. एकदा गावातल्या एका मुलीच्या लग्नाच्या बैठकीत मोठं माणूस म्हणून त्यांना नेलं, तर मुलाच्या बापाला त्यांनी पहिला प्रश्न केला, "घराचं जोतं केवढं उंच हाये?" ते लोक उठून गेले. "बरं झालं," सर म्हणाले, "जोतं नसनच त्यायचं."

आमच्या घराचा स्लॅब पडला तेव्हा मी सुटीत आले होते. सर नळी घेऊन आले आणि एक टोक मला धरायला लावलं. समोरच्या चढावरच्या घराच्या रेघेवर मी टोक धरलं, आमच्या भिंतीशी सर. त्यांनी आपलं टोक दाराच्या उंचीला धरलं, नळीतून पाणी सांडलं. आणखी वर धरलं, तरी सांडलं. मग ते गवंड्याच्या पहाडावर, बांबूच्या परांचीवर, चढले आणि भिंतीच्या अगदी माथ्याला टोक लावलं. पाणी तिथूनही त्यांच्या मनगटावरून वाहत खाली आलं.

"भिंत पुरली नाई," सर म्हणाले. "तुह्या घरावर रेघ ओढता येत नाई बाप्पा."

"तं नका ओढू गुरुजी," बाबा म्हणाले, आणि सगळे मजूर हसले. मी हसले नाही. माझ्या हातात अजून नळीचं टोक होतं आणि पलीकडे सरांची बाही ओली होत होती. पण तेव्हा मला बाबांचा राग आला की सरांचा, हे नीट सांगता येत नाही. एवढ्या आनंदाच्या दिवसांत कुणी असं बोलतं का?

म्हणून शिडी. एकट्या आम्हालाच नव्हे, खिळामाय नगरातल्या प्रत्येक घरभरणीला सरांनी शिडीच दिली, कारण बहुतेकांनी जिना मागून बांधायचा ठेवला होता. आता या शिड्यांचं करायचं काय? ठेवली तर घरात तिरडी. जाळावी तर बांबू चुलीत जाळत नाहीत. लोक गुपचूप त्या सरांच्या कुंपणाला नेऊन टेकवायचे. सरांचं घर उंच पांढरीवर, जुन्या गावठाणाच्या टेकडीवर होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या भिंतीशी एकाशेजारी एक उभ्या शिड्या दिसायच्या, काहींचे झेंडू वाळून तसेच लटकलेले. परगावचा माणूस विचारायचा, इथं काय शिड्या विकतात का?

आमची मात्र परत गेली नाही. बाबा न्यायला निघाले होते. आईनं अडवलं. "मी कुरड्या वर वाळू घालीन. शिडी हाये, शिडीसारखी वापरते. तुमाले तिरडी दिसते तं डोळे मिटून घ्या." आईला स्लॅबवरचं ऊन आवडायचं. एवढ्याच कारणानं ती शिडी न्हाणीमागे राहिली.

पूर आला तो मी शिकवायला लागल्यावर, एका पावसाळ्यात, सकाळी. नदीच्या वरच्या अंगाला दोन दिवस पाऊस कोसळत होता, तिथलं धरण काठोकाठ भरलेलं, पाणी सोडणं भागच होतं. दवंडी फिरली होती. मी कॉलेजात निघताना बाबांना फोन केला.

"रोडावर आलं पानी," बाबा म्हणाले. "उतरते आता. माय हाये ना."

"बाबा, आईला घेऊन सरांकडे जा."

"घर सोडून? काहीतरीच."

त्यानंतर फोन लागला नाही. दुपारच्या आत गावच्या ग्रुपवर कुणीतरी टेकडीवरून काढलेला व्हिडिओ आला. तपकिरी पाणी आणि त्यात चौकोनी तुकडे. ते तुकडे म्हणजे खिळामाय नगरातले स्लॅब आहेत हे कळायलाच मला वेळ लागला. दारं-खिडक्या दिसतच नव्हत्या. दारांच्या वरच्या चौकटीपर्यंत पाणी. एका तुकड्यावर दोन माणसं काहीतरी लांब वर ओढून घेत होती. मी चित्र थांबवून मोठं केलं. ती शिडी होती. ओढणारे बाबा आणि आई. स्टाफरूममध्ये मी ओरडले. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला, मी बाबांचा नंबर लावत राहिले.

पुढचं आईनं सांगितलं. पाणी अंगणात शिरलं तेव्हा सर आले, कमरेएवढ्या पाण्यातून. मागे गावातली धडधाकट पोरं, आणि प्रत्येक दोघांच्या खांद्यावर एक शिडी. कुंपणाला लावलेल्या सगळ्या शिड्या ते घेऊन आले होते. जिने नसलेल्या घरोघरी जाऊन देत होते. "घे, आता तरी घे." त्या दिवशी कुणी तिरडी म्हणालं नाही. जनावरं गेली, धान्य गेलं, आईचं शिलाई मशीन गेलं, पण खिळामाय नगरातलं एकही माणूस गेलं नाही.

पाणी उतरल्यावर मी गावात पोचले. सगळीकडे चिखलाचा आणि कुजल्याचा वास. सर मला चिंचेपाशी घेऊन गेले. बुंध्यावर पाण्यानं गाळाची रेघ सोडली होती, ओली, ठळक दिसणारी. मी ती पाहिली आणि मग वर पाहिलं. खिळा तिच्याहून किती तरी वर होता. दोन पुरुष तरी. ज्या पाण्यानं आमचं घर बुडवलं, ते खिळ्याच्या जवळपासही पोचलेलं नव्हतं. म्हणजे हा तो पूर नव्हताच. हा लहान होता.

बाबा मागून आले. त्यांनीही रेघ पाहिली, खिळा पाहिला, आणि दोन्ही हात जोडून जमिनीवर डोकं टेकलं.

"पाह्यलं का गुरुजी? माय वर गेली, म्हनून पानी तिच्या पायापाशी थांबलं."

आजूबाजूला गावातले लोक जमले होते, सगळे मान हलवत होते. एकच रेघ, एकच खिळा, आणि त्यांना त्यात हे दिसत होतं! मी सरांकडे पाहिलं. वाटलं, आता ते डोंग्याचं सांगतील, ओरडतील. सर मुळीवर बसून राहिले. चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहत. मी त्यांना थकलेलं पहिल्यांदा पाहिलं.

लोक गेल्यावर मी म्हटलं, "सर, तुम्ही काही बोलला का नाही?"

"काय बोलू वं? घर हाये ते त्याचं. खिळा खरा मानला तं घर खोटं होते. कसा मानन तो?"

"मग मी काय करू? पुन्हा आला तर?"

"नागपूरले घेऊन जाय दोघायले."

"येत नाहीत. मी किती वेळा म्हटलं. बाबा म्हणतात, स्वतःचं घर असून भाड्यानं राहायला का येऊ?"

"मंग जिना बांधाले लाव. तेवढं तं कर."

बाबांनी जिना बांधला. पुरामुळे नव्हे, हे त्यांनी सगळ्यांना आवर्जून सांगितलं. आईच्या कुरड्यांसाठी. पण भिंतीचा गिलावा व्हायच्या आधी जिना झाला. मी प्रत्येक सुटीत तोच विषय काढायचे. "बाबा, चला ना माझ्याकडे. पावसाळ्यापुरतं तरी." बाबा म्हणायचे, "जिना हाये ना आता. पानी आलं तं वर जाऊन बसू." मलाही वाटायला लागलं होतं, खरंच, जिना आहे ना आता.

सर गेले ते पुढच्या उन्हाळ्यात, झोपेतच. मी पहिल्या बसनं निघाले. पोचले तेव्हा सरांच्या अंगणात लोक खोळंबले होते. सरांनी पुतण्याला सांगून ठेवलं होतं, माझ्यासाठी नवा बांबू तोडू नका, शिडीवरून न्या. वर हेही म्हणाले होते, "गाव इतके वर्सं तिले तिरडीच म्हनून राहिलं. होऊ द्या त्यायचं खरं." पण कुंपणाशी एकही शिडी उरलेली नव्हती. पुरानंतर ती कुणी परत आणून दिली नव्हती. ज्याची त्यानं घरात ठेवली होती, आणि आता मागायला जायचं तर कुणी देईना. मेल्या माणसाबरोबर शिडी जाळायची आणि पावसाळा तोंडावर? लोक माना खाली घालून उभे होते.

तेवढ्यात रस्त्यानं बाबा येताना दिसले. खांद्यावर आमची शिडी. उन्हानं पिवळी पडलेली, एक पायरी आईनं जुन्या साडीच्या काठानं बांधलेली. बाबांनी ती अंगणात आडवी ठेवली. कुठून आणला कोण जाणे, खिशातून झेंडूचा हार काढला आणि मधोमध बांधला.

"आमाले जिना हाये," ते म्हणाले.

आमच्याकडे बाया घाटावर जात नाहीत. सरांना उचललं तेव्हा मी घरी धावले आणि जिन्यानं स्लॅबवर गेले. जिना झाल्यापासून मी वर पहिल्यांदाच जात होते. तिथून घाटाचा रस्ता दिसतो. माणसं चिंचेखालून जाताना थांबली. सगळ्यांनी वर हात जोडले. मीही सवयीनं हात जोडून खिळ्याकडे पाहिलं.

आणि हात तसेच राहिले. मी स्लॅबवर उभी होते. माझ्या घराच्या माथ्यावर, जिन्याच्या शेवटच्या पायरीच्याही वर. आणि तरी खिळ्याकडे पाहायला मला मान वर करावी लागत होती. मी डोळ्यांसमोर तळहात आडवा धरला, सर वर्गात पाण्याची उंची दाखवायला धरायचे तसा, आणि नजर सरळ चिंचेवर नेली. खिळा हाताच्या वर होता. मला नळी आठवली, सरांच्या मनगटावरून वाहणारं पाणी आठवलं. भिंत पुरली नाही म्हणाले होते ते. आज मला कळलं की स्लॅबवर उभा राहिलेला माणूसही पुरत नव्हता.

घाटावरून धूर दिसायला लागला, मग विरला. नदीवर अंघोळ करून बाबा परत आले. ओल्या धोतरानंच अंगणात उभे राहिले, आईनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

"काय पाहून राहिली वं वर?" त्यांनी खालून विचारलं.

"खिळा पाहते बाबा."

ते जिना चढून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. माझा हात अजून डोळ्यांसमोर आडवा होता. बाबांनी तो पाहिला. मग त्यांनी आपला हात तसाच धरला, पोती उचलून उचलून घट्टे पडलेला, अजून ओला. एक डोळा मिटला. चिंचेकडे पाहिलं. हात हलवून पुन्हा धरला, पुन्हा पाहिलं. धोतराचं पाणी स्लॅबवर ठिबकत होतं.

त्यांनी हात खाली घेतला. खिळ्याकडे पाठ केली आणि घराच्या कठड्याला धरून, हळू आवाजात विचारलं,

"नागपूरले तुही खोली कोन्त्या माळ्यावर हाये वं?"